खानापूरच्या मातीतले बैल

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा कोणी सीमारेषांऐवजी मातीच्या रंगांनी काढायचा ठरवला, तर त्याला फार श्रम पडणार नाहीत. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरांतील जांभ्याची तांबडी माती. आणि या दोहोंच्या मध्ये, बेळगावपासून सुमारे २६ कि.मी. अंतरावर, मलप्रभेच्या काठी वसलेले खानापूर. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी खानापूरवरून पूर्वेकडे वाहत जाते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाने म्हादई गोव्याकडे उतरते. एकाच तालुक्यातला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

प्रवासी बहुधा खानापूरला थांबत नाही. गोव्याला जाणारा पुढे निघून जातो, लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीतला खिडकीतून हिरवीगार भातखाचरे पाहतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. फार तर कोणी भाविक असोग्याच्या रामलिंगेश्वराला जाऊन मलप्रभेच्या खडकाळ पात्रात पाय बुडवून येतो. परंतु या गावाचे खरे वैभव पायांखालीच आहे. येथील चिकणमातीने किती घरांवर कौले चढवली, किती भिंती उभारल्या आणि किती रांजणांतले पाणी थंड केले, याची मोजदाद नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था याच गावी आहे. ती येथे असण्याला या मातीइतके सबळ कारण दुसरे नसावे.

मी या तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमच्या आवारात दोन शाळा भरतात, एक मराठी व एक कन्नड. दोहोंचे फलक वेगळे, हजेरीपट वेगळे, प्रार्थना वेगळ्या. मैदान मात्र एक आणि पाण्याची टाकीही एकच. दरवर्षी मृगाचा पाऊस पडून गेला की या मैदानाच्या कडेला कुंभाराकडून आणलेल्या मातीचा एक ढीग पडतो, आणि त्या दिवसापासून आठवडाभर दोन्ही शाळांतील धाकट्या वर्गांची मुले कोपरापर्यंत बरबटलेली दिसतात. पाहुण्याला वाटावे की शाळा सोडून मुले चिखलात खेळत आहेत. वस्तुतः त्या आठवड्याइतका गंभीर अभ्यास वर्षभरात क्वचितच होतो.

या उद्योगाला ऋतूचा आणि पंचांगाचा आधार आहे. आपल्या महाराष्ट्रातील आप्तांकडे बैलांचा सण म्हणजे श्रावणी अमावास्येचा पोळा. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रीय बेंदूर, आणि सीमेलगतच्या गावांत त्याआधीच, ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास, कर्नाटकी बेंदूर येतो. हीच पौर्णिमा कन्नड घरांतून ‘कार हुण्णिमे’ म्हणून साजरी होते. त्या दिवशी खरे बैल धुतले, रंगवले आणि मिरवले जातात. मग पंधरा दिवसांनी, ज्येष्ठाच्या अमावास्येला, मातीच्या बैलांची पाळी येते. कन्नडमध्ये ‘मण्णु’ म्हणजे माती आणि ‘एत्तु’ म्हणजे बैल. म्हणून या तिथीला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ असे नाव आहे. घरोघरी मातीची बैलजोडी करतात, तिच्यापुढे मातीचीच गव्हाण ठेवतात आणि पूजा करून गोडाचा नैवेद्य दाखवतात. काही गावांत दुसऱ्या दिवशी मुले एक पाय मोडका असलेला मातीचा बैल फळीवर ठेवून दारोदार नेतात आणि त्या लंगड्या बैलाच्या नावाने जोंधळे मागतात. पाऊस सुरू होत असतो, पेरणी व्हायची असते, आणि सगळ्या वर्षाचा भार ज्याच्या मानेवर, त्या जनावराची आठवण गावातले सर्वांत लहान हात करून देत असतात.

उत्तर कर्नाटकातील ही मातीची उपासना बैलांवर संपत नाही. आषाढातल्या मंगळवारी गुळ्ळव्वा, श्रावणात पंचमीचा नाग, भाद्रपदात गणपती आणि त्यापाठोपाठ जोकुमार, असे मातीचे पाहुणे पावसाळाभर येत राहतात. त्यांतले नाग आणि गणपती हे दोघे तर मराठी घरातही तितक्याच अगत्याने येतात. पाचही आकार कच्च्या मातीचे असतात, भट्टीत भाजलेले नसतात. पाण्यातून आले, पाण्यात गेले. पावसाळ्यात कुंभाराचा आवा पेटत नाही, मडकी वाळत नाहीत, चाक पुष्कळसे विसावलेले असते. त्याच दिवसांत कच्च्या मातीच्या मूर्तींचे हे सण यावेत, यात आपल्या पूर्वजांचा व्यवहार आणि भाव एकत्र नांदताना दिसतो.

बैल मातीचा करावा ही बुद्धी आपल्या लोकांना केव्हा झाली, हे शोधू गेल्यास फार मागे जावे लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. तेथे एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची डबी मिळाली. तिच्यात एक शिर नसलेली स्त्रीमूर्ती होती आणि सोबत एक बैल होता. दोन्ही कच्च्या मातीचे. बैलाच्या पाठीवर आणि मूर्तीच्या पोटाशी छिद्र असून काडीच्या साहाय्याने मूर्ती बैलावर बसवता येत असे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कोणा शेतकऱ्याच्या घरातली ही वस्तू. तिच्यामागचा धर्मविचार विद्वानांनी सांगावा. मला तिच्यातला बैल ओळखीचा वाटतो, कारण तसा बैल दरवर्षी आमच्या शाळेच्या पडवीत वाळत असतो.

माती आणण्यापूर्वी आम्ही मुलांना खानापुरातल्या एका कुंभाराच्या अंगणात घेऊन जातो. वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या वडिलांच्या वेळचे दगडी चाक भिंतीला टेकवून ठेवलेले आहे आणि पडवीत विजेचे चाक फिरते आहे. २०१८ पासून खादी आयोगाने कुंभारांना विजेची चाके देण्याची योजना चालवली आहे. दांड्याने चाक फिरवून खांदे भरून येत, तो त्रास त्यामुळे वाचला. पण मुलांना चाकाजवळ बसायची घाई झाली, की आजोबा त्यांना मागे सारतात. “गुरुजी, पोरांस्नी पयलं माती मळाया लावा. बैल काय, मागनं येतोय आपसूक,” असे ते दरवर्षी सांगतात.

त्यांच्या या एका वाक्यात निम्मे शास्त्र आले. खाणीतून आणलेली माती प्रथम वाळवून फोडायची, खडे व मुळ्या काढायच्या, मग पाण्यात दोन-तीन दिवस मुरत ठेवायची. मातीचे कण अतिशय सूक्ष्म आणि चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले म्हणजे ते एकमेकांवरून घसरू लागतात, आणि म्हणूनच चिकणमाती दाबू तशी वळते व सोडू तिथे थांबते. मळण्याने पाणी सर्वत्र सारखे पोचते आणि आत अडकलेली हवा निघून जाते. माती तयार झाली की नाही, हे पाहण्याची आजोबांची कसोटी सोपी आहे. करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले तर माती कोरडी किंवा भुसभुशीत. बोटाला चिकटून राहिली तर पाणी अधिक. न तडकता अंगठीसारखी सुटून आली तर बैलाला योग्य. मुले या अंगठ्या घालूनच शाळेत परततात.

शाळेत प्रत्येक मुलाला मोसंब्याएवढा गोळा मिळतो. पहिल्या दिवशी मी काहीही शिकवत नाही. “बैल करा,” एवढेच सांगतो. अर्ध्या तासाने पडवीत जी जनावरे उभी राहतात, त्यांना बैल म्हणण्यास बराच उदारपणा लागतो. चौकोनी धड, त्याला टोचलेल्या चार काड्यांसारखे पाय, पुढे एक गोळी आणि तिच्यावर दोन शिंगे. कुत्रा, शेळी, घोडा, काय हवे ते म्हणावे. निम्म्याहून अधिक बैलांना वशिंड नसते. काहींची शिंगे कानांच्या खाली असतात. मुले शेतकऱ्यांची, पण गावातल्या खळ्यावर आता ट्रॅक्टर उभा असतो, आणि बैल त्यांनी पाहिला तो वाचनपुस्तकातल्या चित्रात.

दुसऱ्या दिवशी पाटी-पुस्तक न घेता आम्ही शाळेमागच्या एका गोठ्यात जातो. तेथे खिल्लार जातीची एक जोडी अजून आहे. मुलांनी तासभर काही न बोलता फक्त पाहायचे. मग मी प्रश्न विचारतो. सर्वांत उंच भाग कोणता, डोके की वशिंड? शिंगे कोठून निघतात, कोणत्या दिशेला वळतात? मागचा गुडघा आणि पुढचा गुडघा एकाच बाजूला वाकतात का? बैल बसतो तेव्हा प्रथम पुढचे पाय दुमडतो की मागचे? उठतो तेव्हा? मुलांना उत्तरे ठाऊक नसतात. पण जनावर समोर उभे असते आणि ते खोटे बोलत नाही. खिल्लाराची लांब शिंगे कपाळावर जवळजवळ निघून मागे झुकतात व टोकाशी पुन्हा वर वळतात, हे एकदा पाहिल्यावर कोणतेही मूल शिंगे कानाखाली लावत नाही.

आणि या गोठ्यातच शब्द मिळतात. वशिंड. गळ्याखाली लोंबणारी पोळी. खूर, शेपटीचा गोंडा. मग अंगावरच्या वस्तूंची नावे: वेसण, म्होरकी, कासरा, घुंगरमाळ, झूल, शिंगांच्या टोकांना शेंब्या. मालक आपल्या परीने सांगत असतो, मुले बोट लावून विचारत असतात. शाळेतल्या फळ्यावर हे शब्द लिहून मी त्यांचे अर्थ दिले असते, तर चाचणी परीक्षेपर्यंत ते टिकले असते. तिसऱ्या दिवशी मुले पुन्हा मातीला बसतात, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मानेमागची माती उचलून धरतात आणि एकमेकांना सांगतात, “तुझं वशिंड लई मागं गेलंय.” तो शब्द मग जन्माचा झाला. मराठी भाषेत पदव्युत्तर पदवी घेऊन मी इतकी वर्षे शिकवले. शब्द हातातून जिभेवर कसा येतो, हे या पडवीत जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्या व्याकरणात दिसले नाही.

तिसऱ्या दिवशीचा बैल करण्याची रीत येथे सांगतो, कारण ती घरीही जमण्याजोगी आहे. लहान मुले पाय वेगळे करून चिकटवतात, आणि वाळताना तेच प्रथम गळून पडतात. यावर उपाय असा, की गोळ्याची हातभर नव्हे, वीतभर लांबीची जाड वळी करावी. तिची दोन्ही टोके दोऱ्याने उभी चिरावीत आणि फाका थोड्या दूर कराव्यात. आता वळी मधोमध कमानीसारखी वाकवली की चार पाय आणि पाठ एकाच मातीची होतात. जोड नाही, म्हणून तुटणे नाही. पुढच्या बाजूने थोडी माती ओढून मान काढावी, चिमटीने वशिंड उचलावे, मानेखाली पोळी दाबून पातळ करावी. शिंगे मात्र वेगळी करावी लागतात. ती लावण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग काडीने खरवडून त्यांवर दह्यासारखा पातळ चिखल लावावा. नुसते पाणी लावून चिकटवलेली शिंगे रात्रीतून खाली येतात. डोळ्यांसाठी जोंधळ्याचा किंवा बाजरीचा दाणा दाबून बसवावा. लालभडक गुंजा शोभून दिसतात, पण त्या विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

ज्यांना बैल साधत नाही, त्यांच्यासाठी सोपी जनावरे आहेत. सर्वांत धाकट्यांना वाटोळे करून झोपलेले मांजर द्यावे. एक वळी गुंडाळली, एका टोकाला डोके व दोन कान, झाले. कासव म्हणजे पालथी वाटी आणि तिच्याखालून डोकावणारे पाच गोळे. हत्तीची सोंड जमिनीला टेकवावी. ती पाचव्या पायासारखी भार घेते आणि डोके पुढे झुकून पडत नाही. साळिंदराला खराट्याच्या काड्या टोचाव्यात. प्रत्येक जनावरात मुलाला एक तरी नवी अडचण भेटली पाहिजे आणि ती त्याच्या बोटांना सोडवता आली पाहिजे, एवढे पथ्य मोठ्यांनी पाळावे. मुलाच्या हातातला बैल आपल्या हातात घेऊन सुबक करून परत देण्याचा मोह आवरावा. तो बैल मग त्याचा राहत नाही.

वाळवण्याचेही शास्त्र आहे. पाणी निघून गेले की माती आवळते. बारीक शिंगे आधी वाळतात, जाड पोट मागाहून. या ओढाताणीत भेगा पडतात. म्हणून उन्हात न ठेवता सावलीत ठेवावे आणि पहिला दिवस ओलसर फडक्याने झाकावे. सणाचा बैल येथेच पुरा होतो. तो कायम ठेवायचा असेल तर कुंभाराच्या आव्यात भाजावा लागतो. सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या पुढे मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते, आणि मग ती माती पाण्यात पुन्हा कधीच विरघळत नाही. भाजायचे जनावर पोटातून पोकळ करून खाली छिद्र ठेवावे लागते. भरीव आणि दमट पोटात वाफ कोंडली की ते आव्यात फुटते. आमच्या मुलांना आपला बैल भाजावा की विरघळू द्यावा, हा दरवर्षी मोठा प्रश्न पडतो. बहुतेक मुले एक भाजतात आणि एक पाण्यात सोडतात.

हे काम झाल्यावर एखाद्या कोरड्या दिवशी आम्ही नंदगडवरून हलशीला जातो. सुरुवातीच्या कदंबांची आणि पुढे गोव्याच्या कदंबांचीही ही दुय्यम राजधानी. जुन्या लेखांत हिला पलाशिका म्हटले आहे. येथील भूवराह-नरसिंह मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत आणि त्यांतील एकात पृथ्वीला उचलून धरणारा वराह उभा आहे. मुले प्रथम देव पाहतात, मग डुकराचा जबडा पाहतात. ज्यांनी आठवडाभर मातीत मुस्कटे घडवली, त्यांना त्या दगडातल्या मुस्कटाचे मोल न सांगता कळते. एका मुलीने विचारले, “गुरुजी, चुकलं तर त्यांनी दगड परत कसा लावला?” मूर्तिकलेवरील ग्रंथांत ज्या भेदावर पाने लिहिली जातात तो भेद तिने एका प्रश्नात गाठला. दगडातून काढून टाकायचे असते. मातीत भर घालायची असते. मातीला चूक सोसते, म्हणून लहान मुलांनी आरंभ मातीपासून करावा.

शिक्षणशास्त्रज्ञांनाही हे फार पूर्वी उमगले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रेबेलने मुलांच्या उद्योगांत मातीकामाला स्थान दिले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघांनी गावात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. शहरातील वाचक म्हणतील, आमच्या गच्चीवर चिकणमाती कोठून आणावी? त्यांच्यासाठी दुकानात रंगीत मातीच्या कांड्या मिळतात. तिचा जन्मही एका शिक्षकाच्याच गरजेतून झाला. इंग्लंडमधील बाथ येथे चित्र-शिल्पकला शिकवणाऱ्या विल्यम हार्बट यांनी १८९७ साली प्लॅस्टिसिन तयार केले. खडूसारखी भुकटी, पेट्रोलियम जेली आणि मेदाम्ले यांच्या त्या मिश्रणात पाणी नसल्यामुळे ते वाळत नाही; मोडून पुन्हा पुन्हा वापरता येते. बोटांच्या सवयीला ते उत्तम. पण ते वाळत नाही म्हणूनच त्यात वाट पाहणे नाही, तडा नाही, आणि पाण्यात सोडणेही नाही. निदान सणाचा बैल तरी खऱ्या मातीचा करावा. कुंडीतली माती चाळून, भिजवून, मळूनही एक जोडी सहज होते.

ही निकड मला दरवर्षी अधिक जाणवते. पशुगणनेनुसार २०१२ साली आपल्या देशात नर गोवंशाची संख्या सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ साली ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ तिसरा हिस्सा घटला. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. ट्रॅक्टरने शेतकऱ्याचा वेळ वाचवला, आणि बारा महिने बैलजोडी सांभाळण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही, हे मी गावात रोज पाहतो. परंतु बैल गोठ्यातून गेला की त्याच्याबरोबर वशिंड, वेसण, म्होरकी, खांदेमळणी हे शब्दही दावे सोडून जातात. ज्यांच्याभोवती रस्त्यावर, बाजारात आणि कचेरीत दुसरी भाषा आहे, त्या आपल्यासारख्या घरांतून गेलेला शब्द परत आणायला कोणी येत नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला तो निदान चावडीवर पुन्हा ऐकू येण्याचा संभव असतो. बडोद्याच्या, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या आपल्या नातवाला तो घरातच मिळाला तर मिळाला.

गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलाने बैल करण्यास साफ नकार दिला. “आमच्यात बैल न्हाई, ट्रॅक्टर हाय,” असे म्हणून त्याने मन लावून ट्रॅक्टर केला, मागची चाके मोठी, पुढची लहान, धुराडेसुद्धा. मी तो बैलांच्या रांगेत ठेवला. दुपारी पाहतो तो कन्नड शाळेतल्या दोन मुली त्या ट्रॅक्टरपुढे मातीची गव्हाण ठेवत होत्या. बसवण्णापुढे गव्हाण लागतेच, असे त्यांचे म्हणणे. मुलाने थोडा विचार केला आणि चिमूटभर माती घेऊन ट्रॅक्टरच्या नाकाडावर एक वशिंड बसवले. त्याचा हा निवाडा दोन्ही पक्षांनी मान्य केला.

त्या आठवड्यात आमच्या पडवीत भाषेची देवघेव फार होते. मराठी मुले ‘एत्तु’ म्हणायला शिकतात, कन्नड मुले ‘वशिंड’ म्हणतात, आणि कोणाचा शब्द कोणी हिरावून घेतला अशी तक्रार माझ्यापर्यंत अद्याप आलेली नाही. कन्नड शाळेचे मुख्याध्यापक माझे स्नेही आहेत. मातीचा खर्च आम्ही अर्धा अर्धा करतो. सीमाभागात ज्या प्रश्नांवर आमच्या वडीलधाऱ्यांची आयुष्ये गेली, ते प्रश्न एका मातीच्या ढिगाने सुटत नाहीत, हे आम्ही दोघेही जाणतो. आपली भाषा घट्ट धरून ठेवणे आणि शेजाऱ्याची ऐकू येऊ देणे, या दोन गोष्टी एकाच मुलाला एकाच दिवशी करता येतात, एवढे मात्र आम्ही दोघांनीही पाहिले आहे.

खानापूरला यायचे तर ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस नुकता लागलेला असताना यावे. बेळगावहून बसने तासाभरात पोचता येते, आगगाडीही आहे. मलप्रभा तेव्हा गढूळ होऊन वाहत असते, खाचरांतून चिखलणी चाललेली असते आणि बाजारात पालावर मातीच्या बैलांच्या जोड्या मांडलेल्या असतात. मुलाबाळांसह आलात तर तयार जोडी घेऊ नका. कुंभाराच्या दारी जाऊन चार पसे मळलेली माती मागा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी न्या. जाताना वाटेत एखाद्या गोठ्यापाशी गाडी थांबवा आणि मुलांना बैल पाहू द्या, पोट भरेपर्यंत. बाकीचे त्यांच्या बोटांना कळते.